पाळीव मोटार

कुत्रा पाळणाऱ्याला कुणी 'कशाला पाळला?' असं विचारत नाही. मांजर पाळणाऱ्याला विचारायची सोय नाही. तिथं मुळात कुणी कुणाला पाळलंय हेच ठरायचं असतं. पण घरात जुनी मोटार पाळली, की रस्त्यावरचा कुठलाही अनोळखी माणूस आपल्याला थांबवून विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" वास्तविक पन्नाशी उलटलेल्या बाईला वय आणि पन्नाशी उलटलेल्या मोटारीला ॲव्हरेज विचारू नये, हा साधा शिष्टाचार आहे. मी आपला "देते आपली" म्हणतो आणि सिग्नल हिरवा व्हायची वाट बघतो.

आमची गाडी 1973 सालची. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट, पण घरात ती 'फियाट'च. या घराण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 1954 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून जी गोल पाठीची गाडी निघू लागली, तिचं मराठी माणसानं 'डुक्कर फियाट' असं बारसं केलं. इटलीहून आलेल्या पाहुणीचं इतकं प्रेमळ स्वागत करावं तर आपणच! 1964 साली 'डिलाइट' आली. 1972 साली तिची 'प्रेसिडेंट' झाली आणि 1974 साली 'पद्मिनी'. म्हणजे राष्ट्राध्यक्षाची दोन वर्षांत महाराणी! इंजिन मात्र तेच, 1089 सीसीचं. आपल्याकडे नावं बदलण्याची परंपरा जुनी आहे, ती अशी.

वडिलांनी या गाडीसाठी नंबर लावला आणि काही वर्षं वाट पाहिली. त्या काळी माणसं मुलीच्या स्थळासाठी वाट पाहत नसत तितकी मोटारीसाठी पाहत. गाडी आल्या दिवसापासून त्यांनी एक वही घातली. पहिली नोंद अशी : "पेट्रोल 10 लिटर. सिंहगडच्या पायथ्यापर्यंत. गाडी उत्तम. सौ.ला भोवळ." पुढची चाळीस वर्षं पेट्रोलचा प्रत्येक थेंब, प्रत्येक पंक्चर आणि आईची प्रत्येक भोवळ त्या वहीत लिहिलेली आहे. ते गेल्यावर वही आणि किल्ली माझ्याकडे आली. भावाला फ्लॅट मिळाला. सौ. अजून ही वाटणी विसरलेली नाही.

निवृत्त झाल्यावर मी गाडी मुळापासून नीट करायला घेतली. पायाखालची रबरी चटई उचलली, तर खाली सोसायटीचं मांजर बसलेलं दिसलं. म्हणजे मांजर गाडीत नव्हतं, जमिनीवर होतं. मधला पत्राच शिल्लक नव्हता. गंज हा मोटारीचा मधुमेह. वरून रोगी गुटगुटीत दिसतो, आतून पोखरलेला असतो. स्वस्तातला रंगारी त्यावर लांबी भरतो, घासतो, रंग मारतो आणि पहिल्या पावसाळ्यात गाव सोडतो. याच्यावर उपाय एकच : फ्रिजवरचं एक लोहचुंबक घेऊन गाडीभर फिरायचं. जिथं चिकटलं तिथं पत्रा, जिथं गळून पडलं तिथं लांबी. आमच्या डाव्या दारावरून चुंबक असं घसरलं, की ते पत्र्याचं आहे यावरचा माझा विश्वासच उडाला.

हे सगळं तपासायला सोबत होते उस्ताद. उस्तादांचं वय अठ्ठ्याहत्तर. वडिलांच्या वहीत 1979 पासून त्यांचं नाव येतं. सडका पत्रा कापून नवा बसवायला त्यांनी डेंटर आणला, वेल्डिंगवर रेड ऑक्साइडचे दोन हात मारून घेतले आणि सुटे केलेले नट-बोल्ट ठेवायला माझ्याकडे डबे मागितले. मी स्वयंपाकघरातून श्रीखंडाचे रिकामे डबे आणले. 'रिकामे' हा माझा शब्द. सौ.च्या मते त्यातल्या एकात जिरे होतं. सात महिने आमच्या घरात 'डावीकडचं मडगार्ड' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात जिरं आणि 'जिरे' लिहिलेल्या डब्यात वायसर, असा कारभार चालला. गाडी जोडून झाल्यावर तीन बोल्ट उरले. उस्ताद म्हणाले, "साहेब, कंपनीनं जास्ती दिले होते." पन्नास वर्षांनी तरी खरं बाहेर आलं!

सुटे भाग मिळवणं हा स्वतंत्र धर्म आहे. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मी इतका हिंडलो, की तिथले विक्रेते मलाच एक जुनी वस्तू समजू लागले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर काळजी नव्हती. एवढ्या पद्मिनी रस्त्यावर, म्हणजे त्यांचे भाग विकणारी दुकानंही चालू. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. पेपरात लोकांनी हळहळ व्यक्त केली. मी त्या दिवशी वॉटर पंपाचं किट घेऊन ठेवलं. दुःख व्यक्त करण्याच्या ज्याच्या-त्याच्या पद्धती असतात.

पेट्रोलचीही एक कथाच आहे. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जन्मभर निर्व्यसनी राहिलेल्या म्हातारीला या वयात मद्य पाजायचं म्हटल्यावर पोटात गडबड होणारच. सगळ्या नळ्या नव्या घातल्या. उन्हाळ्यात मात्र पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चढावर रुसते. त्यावर ओलं फडकं हाच उपाय. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, इंजिनाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवावी तशी ओली फडकी ठेवून माणसं ताप उतरायची वाट बघत बसत. तेवढ्यात डबे उघडून दशम्या खाल्ल्या जात.

आता उस्तादांना जवळचं दिसत नाही. म्हणून डिस्ट्रिब्यूटर उघडायचा तो मी. पॉइंटची फट किती हवी, यासाठी ते व्हिजिटिंग कार्ड मागतात. कार्ड पॉइंटमधून ओढलं की काजळी पुसली जाते आणि फटीचा अंदाजही येतो. निवृत्तीच्या दिवशी माझी दोनशे कार्डं शिल्लक होती. माझ्या हुद्द्याचा समाजाला एवढा उपयोग नोकरीत असताना कधी झाला नव्हता. मग कार्ब्युरेटरचा स्क्रू मी फिरवायचा आणि उस्तादांनी डोळे मिटून ऐकायचं. "अजून... अजून... जरा मागे... बस." पहिले सहा महिने मला त्या 'बस'च्या आधी आणि नंतर काही फरक ऐकू आला नाही. त्यांची मुलं शोरूममध्ये कॉम्प्युटर लावून गाड्या तपासतात. या गाडीला कॉम्प्युटर लावायला जागाच नाही. उस्ताद म्हणाले, "साहेब, तुमचे कान तयार करा. माझे किती दिवस?" मी हसलो. ते हसले नाहीत.

त्याच सुमारास एक हॉटेलवाले आले. गाडी बघून खूश झाले आणि आकडा असा बोलले, की मलाही क्षणभर भोवळ आली. सौ.नं चहा आणला. जिरे-प्रकरणानंतर ही गाडी घालवायला ती टपलेली आहे, हे मला ठाऊक होतं. तिनं विचारलं, "चालवणार ना?"

"छे हो! दारात उभी करणार. इंजिन काढलं की पुढं कुंड्या छान बसतात. लोक फोटो काढतात."

सौ.नं चहाचा कप त्यांच्यापुढून, ते घोट घ्यायच्या आत, उचलला असता. पण संस्कार आडवे आले. "मग नको," एवढंच म्हणाली. ते गेल्यावर मला म्हणाली, "चालतंय त्याच्यात कुंड्या कशाला ठेवायच्या?" बोलताना ती गाडीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. निवृत्त माणसाला असले प्रश्न खोलवर कळतात.

मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाबा, व्हिंटेज म्हणून नोंदणी करा." 2021 सालापासून तसा नियम आहे. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज ठरते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबरही राहतो. मी आनंदानं नियम वाचायला घेतला. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते; रोजच्या वापराला नाही. पेट्रोल आणि दुरुस्ती! आमची गाडी आयुष्यात याखेरीज फारसं काही करतच नाही. पण मंडई? मंडईचं नाव कुठं नव्हतं. म्हणजे शाल, श्रीफळ देऊन बसवायचं. तो समारंभ माझा एकदा झालेला आहे.

तेव्हा साध्या मोटारीसारखंच पाच वर्षांचं पासिंग करायचं ठरलं. तपासणीच्या दिवशी पहाटे उस्ताद आले आणि खुर्चीवर बसले. मी स्क्रू फिरवायला लागलो. अर्धा फेरा. पाव फेरा. इंजिनाच्या आवाजातली एक किरकिर अचानक विरघळली, आणि मी हात काढून घेतला. त्याच क्षणी उस्ताद म्हणाले, "बस." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. उस्तादांच्या भाषेत ही पदवी असते.

तपासायला आलेला तरुण गाडीत बसला, खाली बघितलं, बाजूला बघितलं, आणि म्हणाला, "काका, गिअर कुठाय?" मी स्टिअरिंगजवळचा दांडा दाखवला. त्यानं दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, धूर पाहिला. पास.

परतताना उस्ताद पुढच्या सोफ्यासारख्या सीटवर माझ्या शेजारी बसले होते. कागद लांब धरून त्यांनी तारीख वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "किती दिली?"

"पाच वर्षं."

"पाच?" ते बाहेर बघत म्हणाले. "चांगली दिली. आपल्या तिघांनाही पुरतील."

मी काहीतरी बोलणार होतो, पण सिग्नलला शेजारी एक स्कूटरवाला थांबला होता, आणि तो काय विचारणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. उस्तादांनी काच खाली केली आणि त्यानं तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "देते आपली!"