समुद्रावरून आलेली इमारत

मुचकुंदी नदीच्या मुखाशीं वसलेल्या पूर्णगडास पूर्वीं पाहुणा आला म्हणजे तो कोणाच्या तरी ओटीवर उतरे. घर जांभ्याच्या चिऱ्याचें, आणि चिरा तेथल्याच भूमींतला. परंतु याच अरबी समुद्राच्या कांठीं, उत्तरेस मुंबईंत, एकोणिसाव्या शतकांत परक्या पाहुण्यांसाठीं अशी एक वास्तु उभी राहिली कीं, जिच्या सांगाड्याचा एकही खांब या भूमींतला नव्हता. ती म्हणजे काळा घोडा भागांतील वॉटसनचें हॉटेल.

जॉन वॉटसन यांनीं तें बांधविलें. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज स्थापत्यविशारदाचा. बिडाचे खांब व तुळया विलायतेंत ओतून जहाजांनीं येथें आणल्या, आणि 1867 ते 1869 च्या दरम्यान जागेवर जोडल्या. आपल्या वाड्यांत भार भिंती वाहतात; येथें सारा भार सांगाड्यावर, विटा केवळ मधली पोकळी भरण्यापुरत्या. पुढें जगभर उंच इमारती याच तत्त्वावर उभ्या राहिल्या.

मराठी घरांस या वास्तूचें अगत्य वाटावें तें मात्र दुसऱ्याच कारणानें. 7 जुलै 1896 रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं, तीं येथेंच. त्या खेळानें भारावून छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला, 1899 मध्यें कुस्तीचें चित्रण केलें, आणि 1901 मध्यें रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हां त्यांचें स्वागतही टिपलें. हे रँग्लर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डीचे, हें वाचकांस ठाऊक असेलच.

1903 मध्यें ताजमहाल हॉटेल उघडलें आणि वॉटसनचें तेज ओसरूं लागलें. यथावकाश हॉटेल बंद पडलें, खोल्यांचे तुकडे होऊन कचेऱ्या व बिऱ्हाडें आलीं, नांवही एस्प्लनेड मॅन्शन झालें. वांटण्या झालेल्या वाड्याचें जें होतें तेंच इचें झालें : राहणारे पुष्कळ, शाकारणारा कोणीच नाहीं. 2005 मध्यें सज्जांचा कांहीं भाग कोसळला. 2019 मध्यें इमारत पाडावी कीं जपावी हा वाद उच्च न्यायालयांत पोंचला.

जांभ्याच्या भिंतीचा चिरा निखळला तर गांवच्या खाणींत दुसरा मिळतो. दीडशें वर्षांपूर्वीं समुद्र ओलांडून आलेल्या या सांगाड्यास तशी खाण नाहीं. म्हणून अशा वास्तूची डागडुजी वेळींच झाली पाहिजे. आणि आपल्या वडिलोपार्जित वाड्यांसही हाच न्याय लागू आहे.