आमच्या डिचोलीत चुन्याचा समुद्र!

मये गावात डोंगर म्हटला की खाण आणि खाण म्हटली की लोहखनिज. आमचं भूगर्भशास्त्र याच्यापुढे कधी गेलंच नाही! आणि आता कळतंय की भूवैज्ञानिकांनी खडकांच्या एका अख्ख्या थरसमूहाला आमच्या तालुक्याचं नाव दिलंय: 'बिचोलिम फॉर्मेशन' (बिचोलिम म्हणजे आमची डिचोलीच). त्यात लोहखनिजाच्या जोडीला डोलोमाइटी चुनखडक आहे. म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला चुना, तोही अडीचशे कोटी वर्षांहून जुना! तेव्हा ना शिंपले होते, ना प्रवाळ, ना मासा.

भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या भाच्याने तसला एक करडा तुकडा सोप्यावर ठेवला आणि त्यावर पातळ आम्लाचा थेंब सोडला. काहीच नाही. माझा चेहरा पडला. "मामा, थांब जरा," म्हणत त्याने चाकूच्या टोकाने दगड खरवडला, त्या भुकटीवर दुसरा थेंब टाकला, आणि बारीक बारीक बुडबुडे! साधा चुनखडक लगेच फसफसतो. डोलोमाइटात मॅग्नेशियम असतं, म्हणून तो असे आढेवेढे घेतो. त्या प्राचीन पाण्यातला कार्बन आमच्या सोप्यावर वायू होऊन सुटत होता. अंगावर काटाच आला!

तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. असा चुना साचायला सहसा उथळ, उबदार, नितळ पाणी लागतं. गाळ आला किंवा समुद्र खोल झाला की तो बंद पडतो आणि दुसरीकडे सुरू होतो. चुना करणारेही बदलत गेले. आमचे डिचोलीचे खडक ज्या धारवाड खडकांत मोडतात, त्यांच्याच चित्रदुर्ग पट्ट्यात स्ट्रोमॅटोलाइट मिळाले आहेत, सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून घडवलेले. बागलकोटकडे त्यांच्यानंतरच्या काळातले आहेत. (दिवाळीत तिकडे जायचंच!) मुंबई हायचं 1974 मध्ये सापडलेलं तेलही मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकातच मुरलेलं.

पण मी वेडा झालो तो 'फिफ्टी फॅदम फ्लॅट'ने. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. मग बर्फ वितळू लागला, पाणी चढू लागलं, आणि मुंबईसमोरच्या या विस्तीर्ण उथळ पठारावर हॅलिमेडा नावाचं हिरवं शैवाल फोफावलं. निवडुंगासारखं दिसणारं, अंगात चुन्याच्या चकत्या भरलेलं! ते मेलं की चकत्या तळाशी. त्यांचे ढीगच्या ढीग साचले. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते अभ्यासलेत. वय दहा हजार वर्षांच्या आसपास, भूगर्भाच्या हिशेबात कालपरवाचं! पाणी चढतच राहिलं, तळाशी उजेड पुरेना, आणि सगळा पसारा बुडाला.

मग आज आमच्या किनाऱ्यालगत असं काही का नाही? मांडवी-जुवारीचं गढूळ पाणी पाहिलं की उत्तर मिळतं. खडकाळ बेटांच्या आडोशाला थोडे प्रवाळ तग धरतात, तेवढेच. पण विजयदुर्गसमोर शंभरेक किलोमीटर आत, आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या 'आंग्रिया बँक' या बुडालेल्या पठारावर प्रवाळ मजेत वाढताहेत. इतक्या लांब किनाऱ्याचा गाळ सहसा पोचतच नाही!