थांबलेली चाती

भिंगार लष्कराच्या छावणीला चिकटलेलं गाव. तिथं भंगारवाल्याकडं मला एक लोखंडी डबा सापडला. रंगाचे पोपडे गेलेले, वर गोल डायल, पुढं काचेआड दिवा. भंगारवाला म्हणाला, "जुना फ्लॅश असंल." मी किलोवर घेतला. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर राबतो म्हणून ओळखलं, हा स्ट्रोबोस्कोप. आतला कपॅसिटर बदलला. पेटला.

दोस्तहो, काम साधं आहे. कपॅसिटर विजेनं भरतो आणि झेनॉन वायूच्या नळीत एकदम रिकामा होतो. क्षणाच्याही क्षणभर लख्ख चमक. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टननं १९३१ च्या सुमारास असा दिवा घडवला. चाती मिनिटाला १२,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २००. दिवाही सेकंदाला २०० वेळा चमकला, की दर चमकेला चाती त्याच जागी सापडते. डोळा म्हणतो, थांबली. जिचा पट्टा ढिला, ती हळूहळू उलटी सरकताना दिसते. तिच्या सुताला पीळ कमी, ते सूत तुटणार.

पण १०० वेळा चमकला तरी ती थांबलेलीच दिसते. म्हणून चातीवर खडूची खूण करायची आणि डायल वरून खाली आणायचा. एकच खूण स्थिर दिसेल तो पहिला आकडा खरा. खालून चढत गेला की फसगत.

आमच्या खात्यात एका बदली पोराची अशीच फसगत झाली. थांबलेली दिसली म्हणून हात घातला. बोट गेलं.

माझा पणजा मुंबईत रिंग खात्यातच होता. विणाईत पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, तर म्हणे विटाळ होतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढं आणला. आता पाळीवरचे लोकच मला सांगतात, "जात कुठं राहिली रे? थांबली की."

परवा घरी पंख्यावर दिवा धरला. पाती जागच्या जागी. आई म्हणाली, "बंद पडला का रं?"

"वारा लागतोय का?"

"लागतोय की."

"मग हात घालू नको."