सदाफुली आणि पांढरी पूड

दिल्लीस बदली होऊन आलेल्या मराठी कारकुनाच्या सामानात गोडा मसाला आणि पोहे यांच्याबरोबर एखादे रोपही येते. आमच्या मातोश्री मिरजेहून आल्या तेव्हा गोवा एक्सप्रेसच्या साऱ्या प्रवासात त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेले सदाफुलीचे रोप मांडीवर सांभाळले होते. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरच्या सज्जात, रंगाच्या रिकाम्या डब्यात ते रुजले. येथला माळी त्याला सदाबहार म्हणतो. दिल्लीच्या थंडीत ते मरगळते आणि होळीनंतर पुन्हा फुलते. मातोश्रींना मधुमेह आहे. गावी असताना त्या रोज सकाळी सदाफुलीची दोन पाने चावून खात. येथल्या डॉक्टरांनी ते बंद करविले. तेव्हापासून फुले देवाला आणि पाने झाडावर अशी वाटणी झाली. या झाडाकडे आम्ही कधी लक्षपूर्वक पाहिले नव्हते. ती वेळ एका कुत्रीमुळे आली.

तिचे नाव सखू. हे नाव मातोश्रींनी ठेवलेले. वरच्या मजल्यावरचे त्रिपाठी तिला ‘रानी’ म्हणत, आणि ती दोन्ही नावांना सारखीच शेपटी हलवी. ती कोणाच्याच मालकीची नव्हती. रात्री आमच्या जिन्याखाली निजे आणि सकाळी आम्हांला बसथांब्यापर्यंत पोहोचवून परत फिरे. २०२३ च्या दिवाळीनंतर जिन्याच्या पायऱ्यांवर रक्ताचे थेंब दिसू लागले. ती माजावर आली असेल, असे सर्वांनी ठरविले. परंतु तीन आठवडे झाले तरी थेंब थांबेनात. एके दिवशी ती उताणी लोळत असता मागल्या बाजूस फुलकोबीच्या तुऱ्यासारखी लाल, खडबडीत गाठ दिसली.

येथे आमची पहिली चूक झाली. गाठ म्हणजे कर्करोग, कर्करोग म्हणजे मरण, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला दवाखान्यात नेले तर मरणाचीच सुई टोचतील, असा तीन पायऱ्यांचा हिशेब आम्ही मनातल्या मनात मांडून टाकला. पदवीधर माणसाला अज्ञान लपविण्यासाठी तर्कशास्त्र फार उपयोगी पडते.

त्याच दिवाळीत सिंगापूरला असलेल्या मेहुण्याने एक चिनी औषधाची पेटी आणून दिली होती. कापले, खरचटले तर रक्त थांबविण्यासाठी. तिचे नाव ‘युन्नान बैयाओ’, म्हणजे युन्नान प्रांताचे पांढरे औषध. छू ह्वानचांग नावाच्या वैद्याने १९०२ साली ते सिद्ध केले, असे सांगतात. सान्ची नावाचे जिनसेंगच्या जातीचे मूळ त्यात असते. संपूर्ण सूत्र मात्र चीनमध्ये सरकारी गुपित म्हणून जपलेले आहे. पेटीत पांढऱ्या पुडीच्या सोळा कॅप्सुला आणि त्यांच्यामध्ये एक चिमुकली लाल गोळी. ही गोळी रक्तस्राव अतिशय गंभीर असेल तेव्हाच घ्यायची. परदेशांतील कित्येक पशुवैद्य प्लीहेच्या कर्करोगाने रक्त जाणाऱ्या कुत्र्यांना हे औषध देतात, हेही आमच्या वाचनात आले. मग काय विचारता! ज्याच्या सूत्रावर ‘गोपनीय’ असा शेरा आहे, ते औषध सामान्य कसे असेल? आमचा सारा जन्म अशा शेऱ्यांना नमस्कार करण्यात गेला आहे.

दुधात भिजवलेल्या पावातून आम्ही सखूला कॅप्सुला देऊ लागलो. आठ दिवसांत थेंब कमी झाले. आम्हांला जो आनंद झाला, तो सांगण्यासारखा नाही. कचेरीत ही हकीकत आम्ही दोनदा सांगितली; एका सहकाऱ्याने आपल्या मामेभावाच्या कुत्र्यासाठी सल्लाही विचारला, आणि आम्ही तो दिला. मेहुण्याला आणखी दोन पेट्या पाठवावयास लिहिले. रक्त थांबणे ही एक गोष्ट आणि गाठ जाणे ही दुसरी, हा साधा भेद दोन महिने आमच्या ध्यानात आला नाही; किंबहुना तो ध्यानात यावा अशी आमची इच्छाच नव्हती.

जानेवारीच्या धुक्यात सखू बसथांब्यापर्यंत येईनाशी झाली. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. शेवटी सौभाग्यवतीच म्हणाल्या, “अहो, मरणार असेल तर डॉक्टरांच्या समोर मरू दे. तुमच्या प्रयोगात नको.” त्रिपाठींनी तिला पोत्यात गुंडाळले आणि आम्ही रिक्षा आणली.

दवाखान्यातील डॉक्टरीणबाई हरियाणाच्या, वयाने आमच्याहून लहान. त्यांनी गाठीवर काच टेकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशींत मण्यांच्या माळेसारख्या पोकळ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाईसाहेब, हा बरा होणारा कर्करोग आहे. दोन महिने कोठे होतात?” आम्ही खिशातील चिनी पेटी पुढे केली नाही.

त्या रोगाची कथा विलक्षण आहे. हा कर्करोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे समागमाने, चाटण्या-हुंगण्याने जातो. आणि जातात त्या कर्करोगाच्या जिवंत पेशीच. हजारो वर्षांपूर्वी कोण्या एका कुत्र्याच्या देहात जन्मलेल्या पेशी त्याच्या मृत्यूनंतरही देह बदलीत जगभर फिरत आहेत. हा रोग असा एकाकडून दुसऱ्यात रुजविता येतो, हे रशियातील नोविन्स्की या पशुवैद्याने १८७६ साली दाखवून दिले होते. भारतातील मोकाट कुत्र्यांत तो नित्याचा आहे. आणि त्यावरचा उतारा? आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टीनची सुई. बहुधा चार ते सहा सुयांत काम होते.

“हे औषध कशापासून करतात?” आम्ही विचारले. “सदाबहारपासून,” त्या म्हणाल्या.

मादागास्करच्या या झाडाच्या पानांचा काढा जमैकात मधुमेहावर घेत असत. तेथील पाने १९५२ साली कॅनडातील रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. त्यांनी अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टीन आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टीन जगापुढे आले. १९६३ पासून अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन माणसांसाठी वापरात आहे. रक्ताचा कर्करोग झालेल्या कितीतरी मुलांना त्याने तारले आहे. मातोश्री ज्या पानांवर भिस्त ठेवून होत्या, त्यांचा खरा गुण त्यांना ठाऊकच नव्हता.

हे ऐकताच मातोश्री म्हणाल्या, “अरे, मग सुईला पैसे कशाला? घरचीच पाने उकळून पाजू.” डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. पाने विषारी आहेत. त्यांतून शेकडो किलोंमागे मूठभरही नव्हे, चिमूटभर औषध निघते. ते शिरेबाहेर सांडले तर मांस जळते, अधिक झाले तर रक्तातील पेशी मरतात. म्हणून प्रत्येक सुईपूर्वी रक्त तपासावे लागते. पाला आणि औषध यांच्यामध्ये असते ती मात्रा, आणि ती मोजण्यात अनेकांची आयुष्ये खर्ची पडलेली असतात.

पाच आठवडे सखू आमच्या सज्जात राहिली. तिचे मूत्र पुसताना सौभाग्यवती हातमोजे घालीत. तिसऱ्या सुईनंतर गाठ सुपारीएवढी उरली. पाचवीनंतर दिसेनाशी झाली. होळीला ती बसथांब्यापर्यंत आली.

यावरून चिनी औषधे खोटी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. थू योयो यांनी चिनी वनस्पतीतूनच हिवतापावरचे औषध शोधले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. युनची नावाच्या अळंबीचा अर्क पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने प्लीहेचा कर्करोग झालेल्या पंधरा कुत्र्यांना देऊन पाहिला. २०१२ साली निष्कर्ष आशादायक वाटले. मग त्याच विद्यापीठाने शंभराहून अधिक कुत्र्यांवर पडताळा घेतला, आणि २०२२ साली ती आशा टिकली नाही, हेही प्रसिद्ध केले. आम्हांला आदर वाटतो तो या दुसऱ्या प्रसिद्धीचा. सखूचे थेंब कमी झाले तेव्हा आम्ही मात्र पडताळा न घेताच कचेरीत जाहीर केले होते. त्या सहकाऱ्याकडे जाऊन आम्ही आपला सल्ला परत घेतला. तो हसला, पण मामेभावाला त्याने लगेच दूरध्वनी केला.

एक गोष्ट राहिली. मे महिन्यात पलीकडच्या गल्लीतील काळू नावाचा कुत्रा तसेच थेंब सांडीत फिरताना दिसला. तो हिवाळ्यात सखूच्याच संगतीत असे. आम्ही आणि त्रिपाठी पोते घेऊन दोन संध्याकाळी त्याच्यामागे हिंडलो. तो माणसाला भिणारा. हाती लागला नाही. तिसऱ्या दिवशी तो दिसला नाही, आणि पुढेही कधी नाही. त्याला रोग सखूकडूनच लागला असेल, असे कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. नसेल, असेही आम्हांला म्हणवत नाही. त्या दोन महिन्यांचा हिशेब एकट्या सखूपुरता नव्हता, एवढे मात्र कळले.

पेटीतील ती लाल गोळी अद्याप आमच्या खणात आहे. सज्जातील सदाफुलीला मातोश्री रोज पाणी घालतात. पाने मात्र आता कोणी तोडीत नाही.