जवळ, पण कुणाला?

जळगावात किंवा धुळ्यात नव्या कॉलनीचा फलक लागला, की पहिली ओळ हटकून जागेची असते: महामार्गाला लागून, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. प्लॉट घेणारा बहुधा तिशी-पस्तिशीचा असतो, दारात दुचाकी असते, त्यामुळे त्याच्यापुरती ती दहा मिनिटे खरी असतात. पण घर काही एका वयासाठी बांधले जात नाही. त्याच घरातून पुढे मूल शाळेत निघते, मुलगी कॉलेजातून संध्याकाळी एकटी परतते, आणि तो प्लॉट घेणाराच एक दिवस दुखऱ्या गुडघ्यांनी औषधाच्या दुकानाकडे चालू लागतो. प्लॉट तोच राहतो, अंतर मात्र वयाबरोबर बदलत जाते. म्हणून उपनगराच्या जागेचा फायदा घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या पावलांनी मोजावा, असे मला ठामपणे वाटते.

या मापाने धुळ्याचे देवपूर पाहावे. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी पांझरा नदीच्या दक्षिण तीरावर सरळ रस्त्यांची पेठ वसवली. देवपूर नदीच्या उत्तरेला. मध्ये नदी असणे म्हणजे अडचणच. 1872 च्या पुराने शहराची मोठी हानी केली, आणि ऑगस्ट 2019 मध्येही पांझरा पात्राबाहेर आली होती. तरीही देवपूर केवळ रात्री मुक्कामाला येण्याची वस्ती राहिले नाही, कारण शाळा, महाविद्यालये, दवाखाने, भाजीबाजार हे सारे नदीच्या त्याच काठावर उभे राहिले. रोजच्या प्रत्येक गरजेसाठी पूल ओलांडावा लागत नाही, हेच देवपूरचे खरे बळ आहे. जळगावचे पिंप्राळा याच स्थितीला वेगळ्या वाटेने पोहोचले. ते मुळात स्वतंत्र गाव. शहर वाढत वाढत त्याला येऊन मिळाले. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा या वस्तीला स्वतःचे केंद्र आहे हे डोळ्यांना दिसते. भोवतीच्या कॉलन्यांना ते आयते लाभले.

याउलट केवळ नकाशावरची जवळीक फसवी ठरू शकते. सुरतेहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 6 आणि या भागात आताचा 53, जळगावच्या वस्तीतून गेला. शहर त्याच्या दोन्ही अंगांना पसरले, आणि समोरची शाळा हाकेच्या अंतरावर असूनही मुलाला एकटे पाठवणे धोक्याचे झाले. समांतर रस्त्यांची मागणी जळगावकरांनी वर्षानुवर्षे लावून धरली ती यासाठीच. त्यात खान्देशचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा सावली नसलेला एक किलोमीटर म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. रस्त्याकडेचा कडुनिंबसुद्धा अंतर कमी करतो.

यावर कुणी म्हणेल, पेठेत घर परवडत नाही, आणि बाहेर मोकळी हवा तरी मिळते. ते खरेच आहे. मध्यमवर्गाला स्वतःचे घर उपनगरांनीच दिले. पण म्हणूनच कोणते उपनगर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दुसरा आक्षेप असा, की आता घरोघरी गाडी आहे, किराणाही घरपोच येतो. मात्र गाडी चालवणाऱ्याच्या वेळेवर मुले आणि म्हातारी माणसे अवलंबून राहतात, आणि किराणा दारात आला तरी शेजारपाजार, वाचनालय, मैदान दारात येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: आधी वस्ती होते, मागून सोयी येतात. दुकाने येतात, हे मान्य. मैदान, पदपथ आणि शाळेची जागा मात्र मागून येत नाही; ती आधी राखावी लागते. ले-आउटमधल्या खुल्या जागेचा नियम त्यासाठीच आहे, आणि त्या जागेवर एकदा बांधकाम झाले की ती परत मिळवणे फार कठीण जाते.

2018 च्या हद्दवाढीत वलवाडीसारखी गावे धुळे महापालिकेत आली. तिथल्या मोकळ्या जमिनीवर आज जे आखले जाईल, त्यावर पुढच्या दोन पिढ्यांचे चालणे ठरणार आहे. म्हणून महापालिकेने रस्त्याच्या रुंदीआधी तो ओलांडण्याची सोय पाहावी. आणि प्लॉट पाहायला जाणाऱ्याने घरातल्या आजीला व नातवाला सोबत न्यावे, भर दुपारी शाळेपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालावे, आणि मगच इसार द्यावा.