वांध्यांचे दिवस

आमच्या वेळी गिरगाव-डोंबिवलीची बी.कॉम. झालेली मुलं दलाल स्ट्रीटवरच्या पेढीत लागली की 'अकाउंट्सला आहे' एवढंच सांगत. आता त्याच कामाला चीफ फायनान्शियल ऑफिसर म्हणतात आणि वर काचेची केबिन देतात. आम्हाला शेठच्या टेबलाच्या कडेला कोपराएवढी जागा मिळे. रिस्क मॅनेजमेंट म्हणजे शेठचा चेहरा. तो उतरला की उधारी बंद.

शेअर बाजाराच्या रिंगणात सौदे व्हायचे ओरडून आणि हातवाऱ्यांनी, नोंद व्हायची खिशातल्या पॅडवर. संध्याकाळी दोन्ही पेढ्यांच्या नोंदी ताडून बघायच्या आणि जुळल्या नाहीत की वांधा! यांच्याकडे शंभर लिहिलेले, त्यांच्याकडे पन्नास. दुसऱ्या दिवशी रिंगण सुरू होण्याआधी दोघं कारकून कटिंग चहावर बसत, थोडा आवाज चढवत आणि बहुधा तोटा अर्धा-अर्धा वाटून उठत. कागद नाही, वकील नाही. 1995 मध्ये संगणकावर सौदे करणारं 'बोल्ट' आलं आणि रिंगण गप्प झालं. आता सौदा क्षणात जुळतो, आणि मार्जिन कमी पडलं तर दंडाचा आकडाही आपोआप येतो. भांडायचं कुणाशी?

डिलिव्हरीच्या आदल्या रात्री मात्र आमची खरी परीक्षा. प्रत्येक सर्टिफिकेटला ट्रान्सफर डीड जोडलेलं; त्यावर शेअर ट्रान्सफरची तिकिटं पुरेशी आहेत का, मागे दलालाचा शिक्का आहे का, डिस्टिंक्टिव्ह नंबर जुळतात का, आणि मुख्य म्हणजे सही. सही बघून माणूस आजारी आहे की घाईत, हे सांगणारे महाभाग आमच्यात होते. इतकं करूनही महिन्यांनी कंपनीकडून गठ्ठा परत यायचाच: सही जुळत नाही.

आणि हे सगळं छान होतं असं कुणी म्हणू नये. शेअर टपालात हरवायचे, खोटे निघायचे. गिऱ्हाइकाला भाव कोणता लागला हे फक्त देव आणि दलाल जाणत, आणि देव बोलत नसे. 1992 च्या घोटाळ्यात बँक रिसीट नावाच्या कागदांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. 1996 ला शेअर कागदाऐवजी संगणकात ठेवणारी डिपॉझिटरी आली, 2001 मध्ये सौदे पुढे ढकलण्याची 'बदला' पद्धत गेली, 2023 पासून तर दुसऱ्या दिवशी हिशेब चुकता. गिऱ्हाईक सुखी झालं, यात वांधा नाही.

आजचा सीएफओ दिवसभर सेबीची परिपत्रकं वाचतो आणि रोज रात्री गिऱ्हाइकांचे पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पोचले का ते पाहतो. तो आमच्यापेक्षा शिकलेला, आमच्यापेक्षा चोख. पण समोरच्या पेढीत हे काम कोण करतं, हे त्याला ठाऊक नसतं. आम्हाला समोरच्या कारकुनाची मुलं कितवीत आहेत हेही ठाऊक. परवा एका लग्नात असाच एक जुना भिडू भेटला. जेवणाच्या रांगेतच त्याने आठवण करून दिली, त्या एसीसीच्या पन्नास शेअर्सचा अर्धा तोटा तुमच्या पेढीने अजून दिलेला नाही. मी म्हटलं, शंभर नव्हते का? झालं, जिलबी येईपर्यंत आवाज चढलेलेच होते.