मुक्काम कुठे करावा?

हल्ली आपल्या शेतकऱ्यांतलेही काही जण अभ्यास दौऱ्याला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांकडे परदेशी जाऊन येतात. निघण्याआधी विचारतात, "साहेब, तिकडे हॉटेलात उतरावे की कुणाच्या घरी?" मी स्वतः परदेशी गेलो नाही. पण शेतीखात्याच्या नोकरीत परक्या गावी पुष्कळ रात्री काढल्या. मुक्कामाची पारख मला शिकवली ती घाटघरने.

जुन्नरच्या पश्चिमेला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. (अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडेही एक घाटघर आहे, तेव्हा एस.टी.त बसताना नीट विचारावे.) गावापुढे नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी कोरीव गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असून त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे. जवळच कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. चढून आलेल्या वाटसरूला सावली आणि पाणी, दोन्हींची सोय.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांच्या दानांचेही लेख आहेत. एकाने भिक्षुसंघाला पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप. मुक्कामाला आधी पाणी लागते आणि मग जेवायची जागा, हे तेव्हाही ठाऊक होते.

काही वर्षांपूर्वी ऐन आवणीत मी चारसूत्री भात लागवड दाखवायला घाटघरला गेलो. पाऊस असा कोसळला की परतीची गाडी चुकली. एका घराने ठेवून घेतले. आजींनी माझे कपडे चुलीपाशी वाळवले, नाचणीची भाकरी, पिठले आणि गरम भात वाढला. सकाळी मी पैसे पुढे केले, तर म्हणाल्या, "घरी आलेल्याकडून कुठं पैसे घेत्यात व्हय?" मी मुकाट्याने नोटा खिशात घातल्या.

पुढे त्यांचा मुलगा जुन्नरच्या बाजारात भेटला. बोलता बोलता कळले की त्या सकाळी माझ्या न्याहारीसाठी सून घरी थांबली, तिची सावड चुकली आणि एका खाचराची आवणी चार दिवस लांबली. ऐकून मला लाज वाटली. वेळेवर लावणी करा म्हणून सांगायला गेलेला मीच तिला उशीर करून आलो होतो!

पावसाळ्यात नाणेघाटाला शहरातली मंडळी लोटतात. म्हणून मी मुलाला म्हटले, "जेवणाचा आणि मुक्कामाचा दर ठरवा, पाटीवर लिहा." आजी तयार नव्हत्या. शेवटी तोड निघाली. आता जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे घेतात, चहा मात्र आजींचा!

तेव्हापासून मुक्कामाआधी मी चार गोष्टी विचारतो. पिण्याचे पाणी कुठले? संडास कुठे, रात्री अंगण ओलांडावे लागते का? (आपल्याकडे बिबट्याचा मुलूख आहे.) दरात काय काय धरले आहे? जेवणाची वेळ कोणती?

परदेशातही हेच विचारावे. जपानमध्ये 'र्योकान' नावाची जुन्या वळणाची अतिथिगृहे असतात. तिथे दारात जोडे काढायचे, चटईच्या जमिनीवर अंथरुणात झोपायचे, आणि जेवण ठरल्या वेळी. उशीर झाला तर जेवण हुकते. इटलीत शेतकऱ्यांच्या घरी पाहुणे ठेवण्यासाठी १९८५ साली कायदाच झाला. शेती पाहायची असेल तर असे घर बरे. पण मध्यरात्री पोहोचणार असाल, बरोबर म्हातारे माणूस असेल किंवा भाषा अजिबात येत नसेल, तर पहिली रात्र स्टेशन वा विमानतळाजवळच्या हॉटेलात काढावी. पत्ता तिथल्या लिपीत लिहून खिशात ठेवावा. आगाऊ पैसे भरले तर पावती जपावी, आणि बेत रद्द झाल्यास किती परत मिळतील ते आधीच विचारावे.

ज्यांची घरे घाटघरसारख्या वाटेवर आहेत, त्यांनी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण समजून घ्यावे. दर सांगताना संकोच करू नये. आणि आपण पाहुणे असू तेव्हा यजमान "नको" म्हणाले, तरी त्यांच्या घरची कुणाची सावड चुकली का, एवढे विचारून मगच निघावे.